कोकणातलं गाव मोजायचं कसं? जनगणना, मतदार यादी आणि जूनमधली कुलपं

तुमचा प्रश्न मी असा समजलो: गाव रत्नागिरी जिल्ह्याच्या संगमेश्वर तालुक्यात, तुम्ही वाढलात डोंबिवलीत. ग्रामपंचायतीच्या विकास आराखड्यासाठी गावाची माहिती लिहून द्यायचं काम तुम्ही अंगावर घेतलंत. 2011 च्या जनगणनेत गावची लोकसंख्या हजाराच्या वर आहे. जूनमध्ये स्वतः वाड्या फिरलात तर चारशे माणसंही दिसली नाहीत. मतदार यादीत मात्र जवळपास जनगणनेइतकीच नावं, आणि त्यात लहान मुलं तर नसतातच. शिवाय जिल्ह्याची लोकसंख्या दहा वर्षांत ऐंशी हजारांनी घटली असं कुठेतरी वाचलंत. यातलं खरं काय मानायचं? आणि ‘भौगोलिक स्थान’ या प्रकरणात अक्षांश-रेखांश सोडून लिहायचं तरी काय?

मी कोण ते आधी सांगतो, म्हणजे माझं म्हणणं कितपत धरायचं ते तुम्हाला ठरवता येईल. याच जिल्ह्यात चौतीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. 1991 आणि 2001 ला जनगणनेचा प्रगणक, म्हणजे घरोघर जाऊन नोंदी करणारा, होतो; 2011 ला अशा प्रगणकांवरचा पर्यवेक्षक. निवृत्त झाल्यापासून आसपासच्या गावांचे असे आराखडे वाचून देतो, आणि त्यातली पहिली दोन प्रकरणं बहुतेक वेळा परत लिहायला लावतो. कारण पहिल्या प्रकरणात डोंगर-नद्या असतात, दुसऱ्यात माणसं असतात, आणि दोघांची एकमेकांशी ओळखच नसते. तुमचे दोन प्रश्न खरं तर एकच आहेत, पण उत्तर आकड्यांपासून सुरू करतो.

तुमच्याकडचे तिन्ही आकडे आपापल्या जागी खरे असू शकतात, कारण ते तीन वेगळ्या गोष्टी मोजतात. जनगणनेतला आकडा म्हणजे 9 ते 28 फेब्रुवारी 2011 या वीस दिवसांत गावचे नेहमीचे रहिवासी म्हणून ज्यांची नोंद झाली त्यांची बेरीज. 28 फेब्रुवारी संपून 1 मार्च लागला तो क्षण संदर्भाचा. पुढचे पाच दिवस पुन्हा घरोघर जाऊन मधल्या काळातले जन्म-मृत्यू दुरुस्त करायचे. जो माणूस हे वीस दिवस गावात एकदाही नव्हता त्याला इथे लिहायचं नाही, तो जिथे आहे तिथे लिहिला जाईल, असा नियम. त्या वर्षी होळी पौर्णिमा 19 मार्चला होती. म्हणजे पालख्या बाहेर पडायच्या आणि चाकरमानी उतरायच्या आधीच आमची पत्रकं तहसील कचेरीत जमा झाली होती.

मतदार यादी सांगते की गावावर हक्क कोण सांगतं. कायद्याने नाव एकाच ठिकाणी असायला हवं. पण ग्रामपंचायतीच्या निवडणुकीला मुंबईहून गाड्या भरून येतात ते तुम्ही पाहिलंच असेल, कदाचित त्यातल्या एखाद्या गाडीत बसलाही असाल. आणि तुम्ही जूनमध्ये पाहिलंत ते त्या दिवशीचं गाव. तेही लावणीच्या तोंडावरचं, म्हणजे निम्मी माणसं शेतात. दारावर थाप मारून कोणी बाहेर आलं नाही म्हणून घर बंद, असं लिहू नका. कुलपाला गंज आहे का ते बघा.

आता जनगणनेचा आकडाही सोवळा नसतो, आणि त्यात माझाही हात आहे. 1991 ला मी नवखा होतो. एका वाडीच्या शेवटच्या घराच्या दारावर गेरूने नंबर घातला आणि पडवीत बसलो. घरात आजी एकटीच. कुटुंबात कोण कोण म्हणून विचारलं तर तिने स्वतःला धरून सात नावं सांगितली, मी लिहीत गेलो. मुलाचं वय विचारल्यावर म्हणाली, “चाळीस झाली आसतील. मुंबैला हाय तो, शिमग्याला येल.” मुलगा, सून, तीन नातवंडं, धाकटा दीर, सगळे परळला. मी खोडायला लागलो तशी तिने माझं मनगट धरलं. “लिव्हा गुरुजी. त्याला नाय लिव्हलंत तर ह्ये घर कुनाचं?” मी खोडलं नाही. ती सहा माणसं त्या वर्षी बहुधा दोनदा मोजली गेली, एकदा पडवीत आणि एकदा चाळीत. पुढे 2011 ला पर्यवेक्षक झाल्यावर मी पहिल्यांदा हेच शोधायचो. कामाच्या रकान्यात ‘मुंबईत नोकरी’ असं दिसलं की ते पत्रक प्रगणकाकडे परत. माझ्या हाताखाली सहा प्रगणक होते, त्यातल्या चौघांकडे अशी घरं निघाली, आणि चौघांनीही कुणा ना कुणा म्हातारीचं नाव सांगितलं.

तेव्हा तुमच्या गावचा 2011 चा आकडा किती फुगलेला, हे तिथल्या प्रगणकावर अवलंबून. बाहेरगावचा मास्तर असेल तर कमी, गावातलाच असेल तर भिडेपोटी जास्त, असा माझा अनुभव. पण हजारातली सहाशे माणसं भिडेपोटी लिहिली जात नाहीत. राहिलेला फरक खरा आहे. 2011 नंतर बराच काळ गेला आहे, आणि त्या काळात तुमच्यासारखी कुटुंबं तिकडेच स्थिरावली.

आता जिल्ह्याकडे येऊ, कारण तिथे गोष्ट जास्त स्पष्ट दिसते. 2001 मध्ये रत्नागिरी जिल्ह्यात 16,96,777 माणसं होती, 2011 मध्ये 16,15,069. घट 81,708, म्हणजे 4.8 टक्के. सिंधुदुर्गही 8,68,825 वरून 8,49,651 वर आला. त्या दशकात महाराष्ट्रात आणखी एकाच जिल्ह्याची लोकसंख्या घटली, आणि तो कुठला म्हणाल तर मुंबई शहर: 33,38,031 वरून 30,85,411. म्हणजे इथे घटलेली माणसं लालबाग-परळला वाढली असं नाही. ती, आणि लालबाग-परळची आधीची माणसंही, रेल्वेच्या रुळाला धरून उत्तरेला आणि पूर्वेला सरकली. ठाणे जिल्हा, तेव्हा पालघर वेगळा झाला नव्हता, याच दहा वर्षांत 81,31,849 वरून 1,10,60,148 वर गेला.

हे सरकणं गावाच्या दृष्टीने मोठं आहे. गिरणीच्या काळात पुरुष एकटा जायचा. एका खोलीत गावची पंधरा-वीस माणसं, पाळीपाळीने झोपायची. बायको, मुलं, आई-बाप, गुरं, भात हे सगळं इथे, आणि महिन्याला मनिऑर्डर. म्हणून आमच्या जिल्ह्यात बायका जास्त. 1982 च्या संपानंतर माणसं परत येतील असं पुष्कळ जण म्हणत होते. काही आली. पण पुढच्या पिढीने दिवा, नालासोपारा, विरार, डोंबिवलीला स्वतःची खोली घेतली आणि घरच तिकडे नेलं.

वर्तमानपत्रं दर वेळी लिहितात की रत्नागिरीत हजार पुरुषांमागे 1122 स्त्रिया, केवढी ही प्रगती. मला या बातमीचा राग येतो. त्याच जनगणनेत सहा वर्षांपर्यंतच्या मुलांमध्ये हजार मुलग्यांमागे मुली होत्या 936. म्हणजे जन्माला येताना इथेही मुली कमीच. मोठेपणी आकडा उलटतो तो पुरुष निघून गेल्यामुळे. आणि 2001 चं प्रमाण 1136 होतं, ते 1122 वर आलं, सिंधुदुर्गात तर 1079 वरून 1036 वर. पुरुष परत यायला लागले म्हणून हे कमी झालं असं कुणी म्हणालं तर त्याला जिल्ह्याची घटलेली बेरीज दाखवा. पुरुष परतले असते तर बेरीज वाढली असती. माझ्या मते बायकाही निघाल्या. तुमच्या गावासाठी हा हिशेब मुद्दाम करून बघा: स्त्री-पुरुष प्रमाण एकीकडे, मुलांमधलं दुसरीकडे. गाव मनिऑर्डरच्या टप्प्यात आहे की कुलपाच्या, ते त्यावरून बरंचसं कळतं.

दुसरी एक गोष्ट बेरजेत लपते. इथून माणसं जातात तशी इथे येतातही. फेब्रुवारीत आंब्याच्या बागेत मोहोर धरलेला असतो आणि राखणीला नेपाळी असतात, काही जण बायको-मुलांसह. चिऱ्याच्या, म्हणजे जांभ्या दगडाच्या, खाणींवर कर्नाटकातून आलेली कुटुंबं, पत्र्याच्या खोपीत. बंदरावर मच्छीमार बोटींचे परप्रांतीय खलाशी. ही माणसं त्या वीस दिवसांत तिथे असतील आणि प्रगणकाने डोळे उघडे ठेवले असतील, तर ती गावच्या लोकसंख्येत आहेत. एका किनाऱ्याजवळच्या गावात दोन जनगणनांचे आकडे जवळपास सारखे निघाले, म्हणून सरपंच खूश होते, गाव टिकून आहे म्हणून. पत्रकं आठवून मी त्यांना म्हटलं, माणसं तेवढीच आहेत, पण तीच नाहीत. तुमचं गाव डोंगराकडचं, तेव्हा तुमच्याकडे खलाशी नसतील. पण खाण आहे का ते बघाच.

आता भूगोल. आराखड्यांत पहिल्या पानावर हमखास वाक्य असतं: जिल्ह्याचं क्षेत्रफळ 8,208 चौरस किलोमीटर, घनता 197. राज्याची घनता 365, म्हणजे आमच्याकडे ऐसपैस जागा असा वाचणाऱ्याचा समज. पण घनता म्हणजे भागाकार, आणि इथे भाजक फसवा आहे.

उभा जिल्हा तीन पट्ट्यांत आहे: समुद्राकडची खलाटी, मधली वलाटी आणि सह्याद्रीचा पायथा. मंडणगड, दापोली, गुहागर, रत्नागिरी, राजापूर हे तालुके समुद्राला लागतात. खेड, चिपळूण, संगमेश्वर, लांजा आत. या सगळ्यावर ठिकठिकाणी जांभ्याचे सडे पसरलेत. सडा म्हणजे सपाट, काळपट-तांबूस, मातीचा पापुद्रा नसलेला कातळ. मे महिन्यात त्यावर अनवाणी पाय टेकवून बघा, म्हणजे तिथे वस्ती का नाही ते कोणी सांगावं लागणार नाही. पाऊस वर्षाला 3,000 मिलिमीटरच्या वर. तरी मार्च सरला की टँकर, कारण पाणी जांभ्याच्या भोकांतून झिरपतं, खालच्या चिकणमातीच्या थरावर अडतं आणि सड्याच्या कडेला झरा होऊन बाहेर पडतं. तिथून पऱ्याने, म्हणजे ओढ्याने, नदीला आणि नदीने दोन-तीन दिवसांत समुद्राला. आमच्या नद्यांची धावच तेवढी आहे. उन्हाळ्यात भरून वाहणारी वाशिष्ठी हा अपवाद, आणि तेही कोयनेच्या वीजघरांतून सोडलेलं पाणी तिच्यात येतं म्हणून.

आता गावच्या जुन्या वाड्या नकाशावर मांडा. तहसीलचा छापील नकाशा नको, स्वतः फिरून नजरी नकाशा काढा. बहुतेक वाड्या सड्याच्या कडेखाली, झऱ्याच्या रेषेवर ओळीने बसलेल्या दिसतील. वर सडा, मधे घरं, खाली भातखाचरं, त्याखाली पऱ्या. म्हणूनच देशावरच्यासारखं एकगठ्ठा गाव आपल्याकडे नाही. देशावरच्या गावाला वेस असते, आपल्या गावाला अर्धा-एक कोसाची शेपूट असते. महसुली गाव एक, वाड्या आठ, आणि शेवटच्या वाडीतून शाळेत यायला पोराला पाऊण तास. धनगरवाडा असेल तर तो आणखी वर, डोंगराच्या अंगाला, रस्ता जिथे संपतो त्याच्याही पुढे.

घनतेचा हिशेब आता परत करू. समजा गावचं क्षेत्र 900 हेक्टर आणि माणसं 1,000. घनता निघते 111, विरळ वाटते. त्यातले 500 हेक्टर सडा आणि 150 हेक्टर उभा डोंगर वजा केले की उरतात 250 हेक्टर. त्यावर तीच माणसं मोजली तर दर चौरस किलोमीटरला 400. हे आकडे मी समजण्यासाठी घेतलेत. तुमचे खरे आकडे ग्राम महसूल अधिकाऱ्यांकडे, म्हणजे कालपर्यंतच्या तलाठ्यांकडे, पोटखराबा (लागवडीला न येणारी) आणि वरकस (डोंगरउतारावरची हलकी) जमिनीच्या नोंदींत मिळतील. माणसं बाहेर का गेली याचं अर्धं उत्तर या भागाकारात आहे. बाकीचं अर्धं खोतीत होतं. खोत म्हणजे सरकारसाठी सारा गोळा करणारा गावचा जमीनदार. कसणारा कुळ, जमीन खोताची, आणि भात एकच पीक. 1949 च्या कायद्याने खोती संपली, पण तोवर मुंबईची वाट मळलेली होती.

जिल्ह्याची सरासरी तुमच्या आराखड्यात घालू नका म्हणतो ते अशासाठीही की तालुक्यातालुक्यांत अंतर मोठं आहे. 2011 ला मंडणगड तालुक्यात 62,123 माणसं, रत्नागिरी तालुक्यात 3,19,449. पाचपट. संगमेश्वरात 1,98,343 होती, शेजारच्या लांज्यात 1,06,986. तुमच्या तालुक्यात महामार्गावरची आणि देवरुखच्या आसपासची गावं वेगळी, सह्याद्रीच्या कुशीतली वेगळी. एका सरासरीत दोन्ही कोंबली तर दोन्ही खोटी.

आतापर्यंतचं थोडक्यात: जनगणनेचा आकडा 2011 च्या फेब्रुवारीतला आणि किंचित सैल, मतदार यादी हक्काची, तुमची पाहणी एका दिवसाची. घट खरी आहे आणि ती पुरुषांची न राहता कुटुंबांची झाली आहे. घनता काढायची तर सडा वगळून.

मग आराखड्यात कुठला आकडा लिहायचा? हे तुम्ही तो कशासाठी वापरणार त्यावर आहे. निधीचा विषय असेल तर 2011 चाच लिहा. 15 व्या वित्त आयोगाचा निधी तीच लोकसंख्या धरून वाटला गेला, तिथे स्वतःचं संशोधन चालत नाही. शाळा-अंगणवाडीसाठी जनगणना निरुपयोगी; अंगणवाडीसेविकेच्या वहीत आज किती मुलं आहेत तेवढंच खरं. पाण्याचा हिशेब सगळ्यात अवघड. जलजीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला 55 लिटर धरतात. चारशे माणसांना ते 22,000 लिटर. गणपतीत बाराशे झाली तर 66,000. गणपतीत विहिरी तुडुंब असतात म्हणून निभतं. पण मे महिन्यात सुट्टीला, लग्नांना, पूजेला माणसं येतात तेव्हा झरा करंगळीएवढा झालेला असतो. टाकी गणपतीच्या गर्दीवर मोठी बांधायची की स्रोत मेच्या गर्दीवर शोधायचा? मी दुसरं म्हणेन. एका गावात मोठी टाकी बांधून झाली आणि खालच्या विहिरीत एप्रिलनंतर फुटबॉल बुडेल इतकंही पाणी नसायचं. तिची उद्घाटनाची पाटी अजून कोरी करकरीत आहे.

म्हणून माझा सल्ला, एकच आकडा लिहू नका. वाडीवार तक्ता करा. ग्रामपंचायतीतला नमुना 8, म्हणजे घरांच्या कर आकारणीची नोंदवही, घ्या. ती सगळ्यात प्रामाणिक, कारण मुंबईकर गावाला येवो न येवो, घरपट्टी थकू देत नाही. त्यातल्या प्रत्येक घरासमोर चार रकाने: बारमाही चूल पेटते, फक्त म्हातारी माणसं आहेत, सणासुदीला उघडतं, उघडतच नाही. हे काम आशाताईंना, म्हणजे गावच्या आशा आरोग्य स्वयंसेविकेला, बरोबर घेऊन करा, त्यांना प्रत्येक घरातली मधुमेहाची गोळीसुद्धा माहीत असते. एका वाडीला अर्धा दिवस पुरतो. दुसरा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. दहा वर्षांत कुठली वाडी चौथ्या रकान्यात जाणार ते त्यावरून दिसतं, आणि रस्ता-दवाखाना कुणासाठी लागणार तेही. जुन्या यादीशी ताळा घालताना एक अडचण येईल: 2020 च्या डिसेंबरात राज्य सरकारने जातिवाचक वाडी-वस्त्यांची नावं बदलायचं ठरवलं, तेव्हा जुन्या कागदातली वाडी नव्या कागदात दुसऱ्या नावाने असू शकते. गावातल्या एखाद्या वयस्क माणसाला घेऊन आधी नावांची जोडी लावा.

नवी जनगणना 1 मार्च 2027 या संदर्भ दिनांकाने ठरली आहे. तोवर तुमचा हा तक्ता गावाकडे असेल तर प्रगणकालाही हात लागेल, आणि आजी मनगट धरायला लागली तर त्याच्याकडे दाखवायला कागद असेल.

तक्त्याला पाचवा रकाना हवा असेल तर गणपतीत काढा. पण मूर्ती मोजून घरं ठरवू नका. चार भावांच्या चार चुली असल्या तरी गणपती मूळ घरात एकच असतो. आरतीला उभी राहिलेली माणसं मोजा, आणि गौरी-विसर्जनानंतर आठवड्याने त्यातली किती उरली ते आशाताईंना फोन करून विचारा.